चितेगावहून अमेरिका किती लांब?

छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे निघाले की बिडकीनच्या अलीकडे चितेगाव लागते. व्हिडिओकॉनचा मोठा कारखाना इथे होता. कंपनीच्या अधिकृत पत्त्याची सुरुवातच ‘१४ किलोमीटरचा दगड, औरंगाबाद-पैठण रस्ता’ अशी असे. दगडावरचे अंतर वाचायचे आणि त्यावरून वेळेचा अंदाज बांधायचा, ही आपली जुनी सवय. चौदा किलोमीटर म्हणजे दुचाकीवर अर्धा तास. पैठणपर्यंत जायचे तर त्याच हिशेबाने पुढचे.

विमानाच्या प्रवासात मात्र हा हिशेब कोलमडतो. या पट्ट्यातल्या घरांतली मुले-मुली पुण्यामार्गे कॅलिफोर्नियात पोचली आहेत. त्यांच्याकडे पहिल्यांदा निघालेले आई-वडील जे प्रश्न विचारतात, ते भूगोलाच्या मुळाशी जाणारे असतात. अमेरिका नकाशात डावीकडे आहे, मग विमान वर उत्तरेला का जाते? जाण्याचा आणि येण्याचा वेळ वेगळा का? बुधवारी पहाटे निघून बुधवारी सकाळीच कसे पोचतो? पृथ्वी फिरतेच आहे, तर विमान नुसते वर जाऊन थांबले तर अमेरिका आपोआप खाली येणार नाही का? हे प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून एकेक सोडवत जाऊ.

१. आधी अंतर, पण कोणते?

संभाजीनगर ते मुंबई अंतर किती? रेल्वेने मनमाडला वळसा घालून जावे लागते, म्हणून ते पावणेचारशे किलोमीटर भरते. रस्त्याने साडेतीनशेच्या आत-बाहेर. चिकलठाणा विमानतळ ते मुंबई विमानतळ हे सरळ हवाई अंतर मात्र अवघे २८० किलोमीटर. तिन्ही आकडे खरे आहेत. आपण कशाने जातो, यावर आपल्या उपयोगाचा आकडा ठरतो.

हे आजचे नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या व्यापारी वर्णनात पैठणचा उल्लेख आहे. बरिगाझा, म्हणजे भडोच बंदर, तिथून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, आणि पैठणहून तगर, म्हणजे आजचे तेर, आणखी दहा दिवसांच्या वाटेवर, असे तो लेखक सांगतो. भडोच ते पैठण सरळ अंतर सुमारे ३५० किलोमीटर. वीस दिवसांनी भागले तर रोजचे सतरा-अठरा किलोमीटर पडतात. घाटातली वळणे धरली तर चाल याहून थोडी जास्त असेल. गाड्यांवर माल लादून निघणाऱ्या व्यापाऱ्याला किलोमीटर कळून काही उपयोग नव्हता. बैलांना वैरण किती दिवसांची आणि मुक्काम किती, हे त्याला हवे होते. विमानाच्या तिकिटावरही अंतर छापत नाहीत, वेळ छापतात.

२. मोसंबीवरचा दोरा

आता हवाई अंतराकडे येऊ. पृथ्वीवरची जागा दोन आकड्यांनी सांगतात : विषुववृत्तापासून उत्तर-दक्षिण किती (अक्षांश) आणि ग्रीनिचपासून पूर्व-पश्चिम किती (रेखांश). चितेगाव साधारण १९.८ अंश उत्तर आणि ७५.३ अंश पूर्व इथे आहे. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा असतो. म्हणजे चितेगाव विषुववृत्तापासून जवळपास २,२०० किलोमीटर वर आहे.

पैठण-जालना भागात मिळते ती गोल मोसंबी घ्या. तिच्यावर पेनने दोन ठिपके काढा, दोन्ही वरच्या अर्ध्या भागात, एकाच उंचीवर, पण एक अलीकडच्या बाजूला आणि दुसरा जवळपास पलीकडच्या. आता एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत दोरा ताणून धरा. दोरा कमरेभोवती आडवा फिरत नाही. तो सरकत देठाच्या जवळून जातो. तीच सर्वात जवळची वाट. देठाच्या जागी उत्तर ध्रुव समजा, की विमानांचा मार्ग समजला.

याचे उत्तम उदाहरण चितेगावलाच लागू पडते. मेक्सिको सिटी हे शहर १९.४ अंश उत्तरेला आहे, म्हणजे जवळजवळ चितेगावच्याच आडव्या रेषेवर. नकाशावर पट्टी ठेवली तर सरळ पश्चिमेला निघावेसे वाटते. त्या आडव्या रेषेने गेले तर अंतर भरते सुमारे १८,३०० किलोमीटर. ताणलेल्या दोऱ्याच्या वाटेने गेले तर सुमारे १५,६००. सत्तावीसशे किलोमीटर वाचतात, आणि ही जवळची वाट उत्तर ध्रुवापासून नऊशे किलोमीटरच्या आतून जाते! पट्टी चुकीची नाही, नकाशा सपाट आहे हे अडचणीचे. गोल पृष्ठभाग कागदावर पसरताना ध्रुवांकडचा भाग फार रुंद ताणावा लागतो, त्यामुळे तिकडची वाट लांबची दिसते.

आता सॅन फ्रान्सिस्को. चितेगावपासून जवळच्या वाटेने ते सुमारे १३,४०० किलोमीटर आहे. ही वाट सुरुवातीला कोणत्या दिशेने निघते? पश्चिमेला नाही आणि पूर्वेलाही नाही. ती उत्तरेपासून जेमतेम सोळा अंश पूर्वेला कललेली असते. उत्तराखंडातला हिमालय, मध्य आशिया, सैबेरिया, मग आर्क्टिक किनाऱ्यापलीकडचा थंड समुद्र, तिथून अलास्का आणि कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यालगत खाली. अमेरिका आपल्या ‘डावीकडे’ आहे हे लंडनमध्ये बसून काढलेल्या नकाशाने आपल्याला शिकवले. कॅलिफोर्नियाच्या बाबतीत ती आपल्या डोक्यावर आहे, असे म्हणणे जास्त बरोबर.

एअर इंडियाने ९ जानेवारी २०२१ रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरुला निघालेले विमान उत्तर ध्रुवाच्या भागावरून आणले. कॅप्टन झोया अगरवाल यांच्या नेतृत्वाखाली सर्व वैमानिक महिला होत्या. दोन शहरांतले सरळ अंतर जवळपास १४,००० किलोमीटर, प्रवास सुमारे सतरा तासांचा. ११ तारखेच्या पहाटे विमान बंगळूरुत उतरले. भारतीय वैमानिकांनी मोसंबीवरचा तो दोरा प्रत्यक्ष उडून दाखवला, याचे मला आजही फार अप्रूप वाटते.

३. दोरा कुठे अडतो

मग सगळीच विमाने या दोऱ्यावरून का जात नाहीत? पहिला अडथळा तिबेटचे पठार. विमान अकरा-बारा किलोमीटर उंचीवर असते. बाहेरची हवा इतकी विरळ की आत दाब राखावा लागतो. तो दाब अचानक गेला तर डोक्यावरून प्राणवायूचे मुखवटे खाली येतात, पण त्यांचा पुरवठा बहुतेक विमानांत पंधरा मिनिटांच्या आसपासच टिकतो. तेवढ्यात वैमानिकाला साधारण तीन किलोमीटर उंचीवर उतरायचे असते, जिथे माणूस नुसत्या हवेवर श्वास घेऊ शकतो. तिबेटची जमीनच सरासरी साडेचार किलोमीटर उंच आहे. खाली यायला जागा नाही. म्हणून विमाने बहुतेक वेळा त्या पठाराला वळसा घालतात.

दुसरा अडथळा माणसांनी घातलेला. आकाशालाही सरहद्दी असतात आणि त्या बंद होतात. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानकंपन्यांना बंद केले, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना दक्षिणेकडून फेरा घ्यावा लागला आणि काही लांबच्या फेऱ्यांना वाटेत इंधनासाठी थांबावे लागले. २०२२ पासून युरोप-अमेरिकेच्या विमानांना रशियाचे आकाश बंद आहे, एअर इंडिया मात्र तिथून जात राहिली. जून २०२३ मध्ये तिचे दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेकडील मगादान या गावी उतरले. अमेरिकेला निघालेले प्रवासी मगादानला कसे पोचले, याचे अनेकांना आश्चर्य वाटले. पण ते गाव वाटेवरच होते.

४. २८० किलोमीटरला तास, ९८५ ला दोन नाहीत

चिकलठाण्याहून मुंबई २८० किलोमीटर, दिल्ली सुमारे ९८५. दिल्ली साडेतीन पट लांब. वेळापत्रकात मात्र मुंबईला तासाभराचा वेळ असतो आणि दिल्लीला दोन तासांच्या आतला.

वेळापत्रकातला वेळ म्हणजे विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबेपर्यंतचा. त्यात धावपट्टीपर्यंत सरपटणे, उंची गाठणे, खाली उतरणे आणि मुंबईसारख्या गजबजलेल्या ठिकाणी रांगेत घिरट्या घालणे हे सगळे येते. अंतर कमी असो वा जास्त, हा खर्च जवळपास तेवढाच. म्हणून एक ढोबळ सूत्र धरता येते : किलोमीटरला ८५० ने भागा आणि वर पस्तीस मिनिटे टाका. मुंबई : २८० भागिले ८५० म्हणजे वीस मिनिटे, अधिक पस्तीस, झाली पंचावन्न. दिल्ली : सत्तर अधिक पस्तीस, म्हणजे पावणेदोन तास. दोन्ही उत्तरे प्रत्यक्षाच्या जवळ येतात. सॅन फ्रान्सिस्कोचे १३,४०० घातले तर सव्वासोळा तास. लांबच्या उड्डाणात ती पस्तीस मिनिटे किरकोळ ठरतात आणि दुसरेच काहीतरी वरचढ होते.

५. पृथ्वीचे फिरणे आणि वारा

विमान वर जाऊन थांबले तर पृथ्वी खालून सरकेल, हा विचार हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पृथ्वी खरोखरच पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. विषुववृत्तावरची जमीन ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने जाते. चितेगाव थोडे वर आहे, तिथला वर्तुळाचा घेर लहान, म्हणून तिथला वेग सुमारे १,५७०. दिल्लीत तो १,४७० च्या आसपास.

पण विमान चिकलठाण्याच्या धावपट्टीवर उभे असते तेव्हाच ते जमिनीबरोबर ताशी १,५७० किलोमीटरने पूर्वेला जात असते. आणि भोवतालची हवाही. हवा जागेवर राहून जमीनच खालून सरकत असती, तर चितेगावात रात्रंदिवस ताशी १,५७० किलोमीटरचा वारा घोंगावला असता आणि एक घर उभे राहिले नसते. वर गेलेले विमान जमिनीकडून मिळालेला तो वेग सोडत नाही. म्हणून थांबण्याने काही मिळत नाही.

तरीही पृथ्वीचे फिरणे प्रवासाच्या वेळेत शिरतेच, वेगळ्या दाराने. विषुववृत्ताजवळची तापलेली हवा वर चढते आणि उंचावरून ध्रुवांकडे सरकू लागते. ती निघते तेव्हा तिच्याकडे १,६७० चा पूर्वेकडचा वेग असतो. दिल्लीच्या अक्षांशावर जमीन फक्त १,४७० ने जात असते. आधीचा वेग घेऊन आलेली हवा आता जमिनीच्या पुढे धावू लागते, आणि आपल्याला तो पश्चिमेकडून येणारा जोरदार वारा म्हणून जाणवतो. वाटेतल्या घर्षणाने आणि वादळांनी हे चित्र पुष्कळ बदलते, तरी मूळ कारण हेच. दहा-बारा किलोमीटर उंचीवर अशा वाऱ्याचे अरुंद पट्टे वाहतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर हा त्यांचा नेहमीचा वेग, हिवाळ्यात त्याहून जास्त.

जपानचे वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते. जगाला कळावे म्हणून त्यांनी अहवाल एस्पेरांतो या नव्या आंतरराष्ट्रीय भाषेत छापला, आणि त्यामुळेच तो फारसा कोणी वाचला नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानवर उंचावरून उडणाऱ्या अमेरिकी बी-२९ विमानांना हा वारा अंगावर आला, तेव्हा त्याची खरी दखल घेतली गेली. आपल्याकडे एक अपवादही आहे. पावसाळ्यात दक्षिण भारतावर, याहूनही उंच थरात, पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारा जेट प्रवाह असतो. तो भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५० च्या दशकात मांडला. मोसमी पावसाशी त्याचा जवळचा संबंध आहे.

आता हिशेब करू. विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० किलोमीटर धरा. वारा पाठीशी १०० चा असेल तर जमिनीवरून मोजलेला वेग १,०००. समोरून असेल तर ८००. अंतर ८,००० किलोमीटर असेल तर एका दिशेला आठ तास, उलट दिशेला दहा. अंतर तेच, विमान तेच, इंजिनाची मेहनतही तीच. मुंबईहून लंडनला जाताना येण्यापेक्षा जास्त वेळ का लागतो, त्याचे उत्तर हेच. फेब्रुवारी २०२० मध्ये अटलांटिकवर कियारा नावाचे वादळ असताना ब्रिटिश एअरवेजचे एक जंबो जेट न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत, चार तास छप्पन्न मिनिटांत पोचले. एरवी त्याला सहा-सात तास लागतात.

सर्वात बोलके उदाहरण मात्र एअर इंडियाचेच. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे सर्वात कमी अंतर १२,४०० किलोमीटरच्या आसपास. एअर इंडिया आधी युरोप आणि अटलांटिकवरून, पश्चिमेला जात असे; तो मार्ग १३,९०० किलोमीटरचा. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने उलट दिशा धरली आणि विमान पॅसिफिक महासागरावरून, पूर्वेला नेले. हा मार्ग १५,३०० किलोमीटरचा, म्हणजे चौदाशे किलोमीटर जास्त. तरी विमान साडेचौदा तासांत पोचले, नेहमीपेक्षा सुमारे दोन तास आधी! त्या वेळी सांगितलेल्या आकड्यांनुसार पश्चिमेला जाताना समोरून ताशी २४ किलोमीटरचा वारा असे, तर पूर्वेला जाताना पाठीशी १३८ चा. हवेतला वेग तोच ९०० धरून तुम्हीच भागाकार करा. १३,९०० ला ८७६ ने भागले तर जवळपास सोळा तास. १५,३०० ला १,०३८ ने भागले तर पावणेपंधरा. लांबची वाट लवकर संपली, इंधनही कमी लागले.

म्हणूनच विमानाचा मार्ग कायमचा ठरलेला नसतो. वरच्या वाऱ्याचा अंदाज पाहून तो त्या त्या दिवशी आखतात. काल गेलेले विमान आणि आज गेलेले विमान शेकडो किलोमीटर अंतर राखून वेगळ्या वाटांनी गेलेले असू शकते, आणि दोन्ही वाटा आपापल्या दिवशी बरोबर असतात.

६. घड्याळाचा हिशेब

पृथ्वी ३६० अंश चोवीस तासांत फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटे. भारताचे घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर लावले आहे. ती रेषा उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळून जाते. चितेगाव तिच्या ७.२ अंश पश्चिमेला. म्हणून घड्याळात बारा वाजतात तेव्हा चितेगावचा सूर्य माथ्यावर यायला सरासरी अजून एकोणतीस मिनिटे असतात. देशभर एकच घड्याळ असावे म्हणून आपण हा फरक सोडून देतो.

कॅलिफोर्निया आपल्या साडेतेरा तास मागे आहे. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत तिथली घड्याळे तासभर पुढे करतात, तेव्हा फरक साडेबारा तासांचा राहतो.

उन्हाळ्यातले उदाहरण घेऊ. समजा, मुंबईहून थेट विमान बुधवारी पहाटे चारला निघाले आणि सोळा तास उडाले. आपल्या घड्याळात बुधवारचे रात्रीचे आठ वाजले. त्यातून साडेबारा वजा केले की बुधवारचीच सकाळ, साडेसात. तिकिटावर चार ते साडेसात पाहून प्रवास साडेतीन तासांचा वाटतो. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते, हे पक्के ध्यानात ठेवले की हा घोळ सुटतो. विमान पूर्वेकडून जावो की पश्चिमेकडून, वाटेत तारीख बदलणारी रेषा ओलांडो वा न ओलांडो, या वजाबाकीत काही फरक पडत नाही.

७. चितेगावच्या दारापासून

डिसेंबर २०२२ मध्ये एअर इंडियाने मुंबई-सॅन फ्रान्सिस्को थेट सेवा सुरू केली. अशा लांबच्या सेवा चालू-बंद होत राहतात. थेट विमान नसेल तर आखाती देशांत, युरोपात किंवा आग्नेय आशियात विमान बदलावे लागते आणि तेवढे तास वाढतात. आपण थेट विमानच धरू.

पहाटे चारचे विमान असेल तर मध्यरात्रीपर्यंत मुंबई विमानतळावर असावे. चितेगावहून मोटारीने समृद्धी महामार्ग धरला तरी शहरातली गर्दी पाहता सहा-सात तास राखून ठेवावेत. वाटेत जेवण आणि म्हाताऱ्या माणसांची विश्रांती धरून मंगळवारी दुपारी चारला घर सोडावे. मग सोळा तासांचे उड्डाण. तिकडे साडेसातला उतरल्यावर तपासणी, सामान आणि मुलाच्या घरापर्यंतचा रस्ता मिळून सकाळचे दहा. आपल्या घड्याळात बुधवारचे रात्रीचे साडेदहा. दारापासून दारापर्यंत साडेतीस तास, त्यातले आकाशातले सोळा. वयस्कर माणसांच्या औषधांच्या वेळा, मधुमेहींचे जेवण, कोणाला फोन कधी करायचा, हे सगळे या साडेतीस तासांवर आखायचे असते, सोळावर नाही. गोळ्यांचे वेळापत्रक कागदावर लिहिताना प्रवासाच्या दिवसापुरते आपले भारतीय घड्याळ कायम ठेवावे आणि बदल कसा करायचा ते निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्यावे.

परतीचे गणित मात्र दोनदा करून पाहावे, कारण त्यात तारीख उडी मारते. सॅन फ्रान्सिस्कोहून रविवारी रात्री नऊला विमान निघाले आणि साडेपंधरा तास लागले असे धरा. निघण्याच्या क्षणी भारतात सोमवारची सकाळ, साडेनऊ. त्यात साडेपंधरा मिळवले की सोमवारची मध्यरात्र उलटून मंगळवारचा एक वाजलेला. आई-वडिलांना आणायला चितेगावहून गाडी न्यायची असेल, तर ती सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत निघालेली हवी.